माटोळीतली लाल फांदी

२६ ऑगस्ट
सिद्धीने वर बघितलं आणि सगळं संपलं. त्याआधी ती हसत होती. माझ्याकडे बघून.
तिच्याकडे माटोळी बांधत होतो. मी स्टुलावर, सि. खालून दोऱ्या देत होती. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, चिबूड, रानातली कांगलां, सगळं टांगून झालं. मग मी कामावरून, झाडांच्या नर्सरीतून आणलेली लाल फांदी काढली. पोवळ्यासारखी, एक पान नाही. तिचे वडील, नाना, एकदम खूश. "हें खंयचें रे? अख्ख्या कारापुरात कोणाकडे ना!"
लांब होत होती, म्हणून वरच कोयत्याने टोक छाटलं. सि. म्हणाली, "मातशें उजव्याक घे." आणि वर बघितलं. पांढरा चीक थेट डोळ्यात. तिने ओढणीने चोळलं, तो गालभर...
ती किंकाळी.

२७ ऑगस्ट, चवथ
आरतीला उभा राहिलो नाही. सि.ला काल डिचोलीच्या इस्पितळात नेलं. डोळा वाचेल म्हणे. गालावर भाजल्यासारखे फोड.
उरलेला तुकडा आईने बघितला, कपाळाला हात लावला. "अरे, हो शेर! वंयचो शेर! तांबडो म्हणून वळखूंक ना तुवें?"
काजूच्या बागेच्या कुंपणाला शेर जन्मापासून बघतोय. हिरवा. चिकाने भाजतं म्हणून गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. नर्सरीत तोच लाल होऊन कुंडीत बसला, वर इंग्लिश नाव, बंगलेवाले गाडीत घालून नेतात. मीच पाणी घालत होतो त्याला.

२९ ऑगस्ट
म्हापशाच्या बसस्टँडवर तिचा भाऊ दिगू. कॉलर धरली. "तूंच म्हणटालो न्हय, पावणे कशे येतात तें पळयतां म्हण?"
म्हणालो होतो, पाहुणे कसे येतात ते बघतोच. पेडण्याहून तिला बघायला येणार कळलं तेव्हा. चहाच्या गाड्यावर, सगळ्यांदेखत. कॉलेज सुटलं तेही असंच, सरांवर तोंड टाकून.
आज पण मी हात उचलला. बाजाराचा दिवस, अर्धा गाव तिथेच. आता तर सगळ्यांची खात्रीच. मी मुद्दाम केलं म्हणून.

१ सप्टेंबर
कामावर गेलो नाही. पेडण्याचे पाहुणे येत नाहीत म्हणे. गालाचं कळलं.
हेच हवं होतं ना तुला? घे.

४ सप्टेंबर
सि.चा मेसेज. एवढाच: "तुका खबर आसलें?"
"नाही" लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं.
शेर आहे हे माहीत नव्हतं, देवाशप्पथ. पण नर्सरीत फांदी तोडताना माझ्या मनगटावर चीक उडाला होता. तिच्याकडे पोचेपर्यंत तिथे आग आग. मी शर्टाची बाही खाली ओढली आणि स्टुलावर चढलो. काय सांगणार होतो? हे टाकून देऊया? नाना बघत होते. ती हसत होती.
मनगटावरचा फोड अजून ओला आहे. हे मेसेजमध्ये कसं लिहायचं. तिला दाखवायला हवं. मग ती काय समजायचं ते समजो.
आई स्वयंपाकघरातून, "खंय चल्लो रे? दिगू मारतलो तुका!"
मारू दे. तिच्याकडे दार तरी उघडतील का कोण जाणे.
बाही वर दुमडलीय. निघतो. आपलं दार ओढून घेतो, कुठल्या बाजूला वळलो ते आईला दिसायला नको.