अकरा गुलाबी ठिपके

३ मार्च
हवामान खात्यातल्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. उपग्रह दर पंधरा मिनिटांनी चित्र पाठवतो, त्यात उडती धूळ गुलाबी दिसते. मी तिच्याभोवती रेघ मारली की शहराकडे येणारा मोठा रस्ता बंद करतात. तसाच दिसणारा ढग असेल तर ‘ढग’ अशी खूण करायची, म्हणजे ती काढेपर्यंत तो भाग माझ्याखेरीज सगळ्यांच्या पडद्यावरून पुसला जातो. मावशीकडे उतरलोय. काका त्याच रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतात. म्हणाले, आता घरचाच माणूस आभाळात बसलाय, आम्हाला कसली भीती.

९ मार्च
आठवड्यात दोनदा रस्ता बंद करायला लावला आणि दोन्ही वेळा ढगच निघाला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, याला गुलाबी. मीही हसलो, पण कान तापले होते.

१२ मार्च
सकाळी रस्त्यावर गुलाबी डाग. धूळच होती, मला कळत होतं. पण पुन्हा हसं नको, म्हणून थेट शहरापर्यंतच्या पट्ट्यावर ‘ढग’ अशी खूण केली. काकांनी फोन करून विचारलं, रस्ता मोकळा आहे ना? मी हो म्हणालो.
धुळीत समोरचं दिसेना, गाडी ट्रकवर आदळली. काकांसकट अकरा जण गेले.

१६ मार्च
साहेबांना वाटतं उपग्रहानेच धूळ ढगासारखी दाखवली. मी तोंड उघडलं नाही. मावशी वाढताना म्हणाली, तुझ्यावर फार विश्वास होता रे त्यांचा. मला माझीच किळस येते.

१८ मार्च
अपघाताच्या जागी अकरा गुलाबी ठिपके. वारा शहराकडून वाहतोय आणि ते वाऱ्याच्या विरुद्ध, रस्त्याने शहराकडे येताहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवले. त्यांना काहीच दिसलं नाही, माझ्या खुणेखाली सगळं झाकलेलं. खूण काढली तर दिसतील, पण मग तिच्याखालची त्या दिवशीची धूळही उघडी पडेल, आणि खुणेवर माझं नाव आणि वेळ आहे.

१९ मार्च
वेशीपर्यंत आलेत. दोनदा खूण काढायला गेलो. दोनदा हात मागे घेतला. भित्रा, दुसरं काय —

२० मार्च, दुपार
एरवी एक ठिपका म्हणजे तीन किलोमीटर. हे माणसाएवढे. दहा आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. अकरावा आमच्या घरावर —

धावत घरी आलो. बाहेर लख्ख ऊन, पान हलत नाही. उंबऱ्यावर धूळ. ताजी.

दार वाजतंय. मावशी म्हणते, तुझ्या काकांचीच थाप, मी ओळखते. हसतेय. उठली —

तिने कडी काढायच्या आत सांगायला हवं. त्यांनी विचारलं होतं — मी हो म्हणालो — मावशी, तो ढग नव्हता, मला माहीत होतं, मी