टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल

बुधवार, दिवे लागल्यावर

लेंट, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला तसा घरातला टीव्ही बंद, मोबाइलवरचे व्हिडिओही बंद. ईस्टरपर्यंत असंच, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. सासूबाईंनी टीव्हीवर आपला क्रोशाचा पांढरा रुमाल टाकलाय. पण संध्याकाळची प्रार्थना झाली की सवयीनं त्याच्याच समोर जाऊन बसतात.

आज मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, काय बघून राहिल्या?"

"मालिका," म्हणाल्या. हसल्या न्हाईत.

आणि सांगायलाच लागल्या. एक पोरगी, गोरेगावच्या फाट्यावर जीपची वाट बघणारी. हातात क्रोशाची सुई, मनात नर्स व्हायचं. माझी रूथ अभ्यास सोडून आली, मग हेही येऊन बसले. पंख्यानं रुमाल हलायचा आणि वाटायचं, त्या जाळीमागं ती पोरगी उभीच आहे.

"गेली का मग ती नर्सिंगला?" रूथनं विचारलं.

"घरच्यांनी जीपमधून उतरवलं. लग्न ठरलं होतं तिचं."

"आणि ती विणत काय होती?"

आत्याबाईंनी टीव्हीवरच्या रुमालाकडं बोट केलं. हे खाली बघत बसले. त्यांनाही, पोटच्या लेकाला, आईचं हे माहीत नव्हतं.

"बाकीचं उद्या," म्हणून त्या उठल्या.

इतकी वर्षं रोज त्यांच्या शेजारी बसून मालिका बघितल्या मी. रुमाल अजून हलतोय. आत्ता डोळे मिटले आणि मागून बसले, ईस्टर जरा उशिरा येऊ दे. देवा, हे काय मागितलं मी?