चिकटपट्टीखालची हळद

दादा,

भाकरी दुरडीत आहेत, कालवण तेवढं गरम करून घे. अण्णांना जेवणानंतर गोळी दे.

निरंजननं जपानहून पाठवलेली कॅसेट आज बघितली. त्या जपानी डिटेक्टिव्हच्या कार्टून सिनेमात त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या आवाजात मराठी बोलणं भरलं होतं. शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बसवतो, खुनी कोण ते सांगायला तोंड उघडतो, आणि तिथंच तासगावच्या गणपतीचा रथ सुरू होतो. केबलवरून टेप केलेला. देव आडवा घातला की घरात कुणी बोलणार नाही, हे तुला बरोबर ठाऊक.

चुकून झालं म्हणू नकोस. आली तेव्हा बघायला वेळ नव्हता, तरी वर कुणी काही टेप करू नये म्हणून कॅसेटच्या कडेचा तुकडा मी मोडूनच मिरजेला मावशीकडे गेले होते. आता पुन्हा टेप करता यावं म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्याखाली पिवळाधमक अंगठा उमटलाय. हळदीच्या पेढीवर अण्णा जात नाहीत, मीही जात नाही.

‘सिनेमा संपल्यावर तुझ्याशी बोललोय, हेमा,’ असं त्यानं मला कळवलं होतं. ते माझ्याआधी तू ऐकलंस, म्हणूनच पुसलंस.

निरंजन काल कराडला घरी आलाय. राहिलेलं त्याच्याच तोंडून ऐकायला मी निघालेय. उद्या मला बघायला येऊ नका, असं विट्याच्या लोकांना कळव. नाहीतर येऊ देत. त्यांना रथ दाखव.

हेमा