बर्फात नेलेलं रक्त

माय, आज सकाळी उपकेंद्रात तुझ्या जागेवर आलेली नवी नर्स आपल्या दारावरून गेली. खांद्याला लसीचा निळा डबा, कानात वायर, कुणाशी तरी हसत बोलत चाललेली, आणि डबा सगळा उन्हात. "बाई, सावलीत धर की तो," माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तुझंच बोलणं ते. पुसेगावच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर तू जन्मभर तेच बोलत फिरलीस. डब्याला कुणी नुसता हात लावला तरी तुझा जीव वर यायचा. एकदा शाळेतून आल्यावर मी त्यातला बर्फाचा पॅक काढून कपाळाला लावून बसले, तर पाठीत असा धपाटा घातलास की अजून आठवतो. "लेकरायच्या जिवाचं हाय ते! थंडाई गेली तं लस मेली, समजलं का?"

पुढे तुझी बोटं पांढरी पडायला लागली, मग जांभळी. सकाळी डब्यात बर्फ भरून झाला की हात काखेत दाबून उभी राहायचीस. विचारलं की, "थंडीचं व्हतं तसं," म्हणून उडवून लावायचीस. मग सांधे दुखायला लागले, पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. शेजारणी म्हणाल्या, उष्णता झाली, सब्जा पी. कसली उष्णता अन् कसलं काय! हिंगोलीच्या डॉक्टरांना मात्र ते ठिपके बघून वेगळीच शंका आली. काहींच्या रक्तात अशी प्रथिनं तयार होतात, म्हणाले, की गारठा लागला की ती एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, किडनीही जाते. तपासणी नांदेडला होते, रक्त पाठवा. कसं पाठवायचं ते कुणी बोललं नाही, आणि तू तरी कशाला विचारशील? तुला स्वतः जायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. उपकेंद्रातल्या मैत्रिणीकडून रक्त काढून घेतलंस आणि नळी आपल्या हातानं बर्फाच्या पॅकांमध्ये बसवलीस. "रक्त बी लसीवानीच असतं. झाकण उघडू नको, मांडीवरून खाली ठिवू नको." मी कळमनुरीमार्गे नांदेडपर्यंत एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलेय. कंडक्टर चेष्टा करतो, "काय ताई, कुल्फी हाय का?" मला हसूही येत नाही, एवढी मी त्या डब्याला जपतेय.

रिपोर्ट साफ आला. तू पेढे वाटलेस. डॉक्टरांनीही तो विचार सोडला आणि सांधेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढचा सबंध हिवाळा तू पुन्हा त्याच बर्फात हात घालत राहिलीस.

पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा तुला संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं आधी नळी गरम करून घेतली, रक्त भरल्यावर ती कोमट पाण्याच्या थर्मासात ठेवली आणि स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली. आजार सापडला. मला बाहेर बोलावून त्यानं विचारलं, पहिलं रक्त कसं नेलं होतं? "बर्फात, सर. एकदम बराबर. आमची माय नर्स आहे ना." किती तोऱ्यात सांगितलं मी! तो म्हणाला, हे रक्त त्यातलं पिवळं पाणी वेगळं काढेपर्यंत अंगाइतकंच गरम ठेवावं लागतं. आधीच थंड झालं, तर जे शोधायचं तेच गुठळीबरोबर तळाला बसतं आणि फेकलं जातं. मी विचारलं, तेव्हाच सापडलं असतं तर? "उपचार लवकर सुरू झाले असते," एवढंच बोलला.

आत तू डायलिसिसवर, अंगावर दोन ब्लँकेटं, हातात मोजे. पहिला प्रश्न तोच. "मंग पयल्या बारीला काहून न्हाई सापडलं?"

"लॅबवाल्यानं घोळ घातला, माय."

"व्हय ना! उघडं ठिवलं असंल उन्हात, मुडदा बशिवला त्याचा. म्या एवढं थंडगार करून धाडलं व्हतं!"

त्यानंतर तू जाईपर्यंत त्या बिचाऱ्याला शिव्या देत राहिलीस आणि मी पेज भरवता भरवता हं, हं करत राहिले. शिव्या देताना तुझ्या तोंडावर जरा तजेला यायचा, ते बघून मला बरंही वाटायचं आणि रडूही यायचं. मला राग येतो माय, फार राग येतो. आपण देव मानत नाही, त्यामुळे कुणाच्या नावानं बोटं मोडावीत तेही कळत नाही. गावातल्या अर्ध्या पोरांच्या दंडावर तुझी सुई आहे. ज्या थंडाईनं ती जगली, तिनंच तुझं रक्त नासवलं.

निळा डबा मी परत दिला. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. आणि खरं सांगू? लिहितानासुद्धा मी कागद हातानं झाकत होते, न जाणो तू वाचशील म्हणून. उद्या समोर येऊन बसलीस आणि काहून न्हाई सापडलं म्हणून विचारलंस, तर मी पुन्हा त्या लॅबवाल्यालाच पुढे करीन.