साडूचा कटला

रविवार, १ मार्च १९८१
साडू खंडेराव गंगापूर धरणावरून थेट आमच्या दारात. राजदूतच्या कॅरियरला सात किलोचा कटला बांधलेला, शेपटी बाहेर लोंबतेय. घराकडे जायच्या आधी मेहुणीला मासा दाखवायला आला म्हणे. सुलाने शेजारणींना हाका मारून बोलावलं. चहा पाहुण्यांच्या कपातून. तो गेल्यावर बराच वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, "ताईचं नशीब."
मला हेवा वगैरे काही वाटलेला नाही. नोंद म्हणून लिहितोय. मासे पकडणं म्हणजे काय, तर तासन् तास एका जागी बसून राहणं. पाटबंधारे खात्यात मी सोळा वर्षं तेच करतोय. शिवाय धरण आमच्या खात्याचं, म्हणजे आपल्याच धरणातला मासा साडू नेतो.
पुढच्या रविवारी मी जाणार. सात किलोच्या खाली काही आणायचं नाही.

रविवार, ८ मार्च
गेलो. काठी बांबूची, उसनी. वारा उलटा. समोर कोणीतरी म्हशी धूत होतं. गळ दोनदा माझ्याच शर्टात अडकला. खंडेराव त्याच्या नेहमीच्या खडकावर, खोल पाण्यापाशी. त्याला दोन रोहू. एक मला देऊ लागला. तत्त्व म्हणून नाही घेतला.
घरी सुलाने रिकामी पिशवी पाहिली. एक लागला होता, पण दया येऊन सोडून दिला, असं सांगितलं. केवढा होता विचारलं तर हात पसरून दाखवला. पुढच्या वेळी दया आणू नका म्हणाली.

रविवार, १५ मार्च
नवीन रीळ. सुलाला अजून सांगितलेलं नाही. पहिल्याच फेकीत दोरीचा असा गुंता झाला की अर्धी सकाळ त्यातच. शेवटी खंडेराव खडकावरून उतरून आला आणि बोलता बोलता सोडवून दिला. हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं.

रविवार, २२ मार्च
क्रांती! धरणावर नोटांच्या प्रेसमधले एक रिटायर्ड गृहस्थ भेटले. त्यांचं म्हणणं, मासा शोधायचा नसतो, बोलवायचा असतो. एकच जागा धरून तिथे रोज चारा टाकत राहायचं. महिन्याभरात मासे तिथे राहायलाच येतात. मग नुसता गळ सोडायचा.
खंडेरावकडे नशीब आहे, प्लॅनिंग नाही. हे त्याला अजिबात कळू द्यायचं नाही. मी पलीकडच्या उथळ अंगाला एक कोपरा हेरलाय. छान उतरती माती, सावली, सायकल पाण्यापर्यंत जाते. तिकडे कोणी फिरकत नाही. आपल्या लोकांना जागेची पारख नाही.

मंगळवार, २४ मार्च
चारा: कणीक, गूळ, शेंगदाण्याची पेंड. सुला नळावर गेली असताना डब्यातून कणीक काढली. पहाटे सायकलवर कुठे, तर व्यायामाला, असं सांगितलं. इतकी खूश झाली की दुधात अंडं फेटून दिलं.

गुरुवार, २ एप्रिल
पाण्यावर बुडबुडे येतात. मी काठावर पोचलो की येतात. ओळख पटत चाललीय. ऑफिसात दुपारी थोडी डुलकी. साहेबांनी पाहिलं नसावं.

गुरुवार, ९ एप्रिल
पीठ महिनाभर पुरत नाही, रेशनवाला मापात मारतो, असं सुलाचं ठाम मत झालंय. आज दुकानात जाऊन भांडून आली. मी म्हणालो, हल्ली कोणाचा भरवसा राहिलेला नाही.

मंगळवार, १४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पुढे कोण, तर खंडेराव. तिथेही पुढेच. सुला आणि शकुताई दोघी बहिणी त्याच्याकडे बोट दाखवून हसत होत्या. मी पाण्याच्या टाकीपाशी ड्यूटीवर होतो. जबाबदारीचं काम होतं, पण त्याकडे कोण बघतं?
सासरे मनमाडहून आले होते. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मामांना दोनच नाद, रेडिओ आणि मासळी. ३ मेच्या रविवारी परत येतो, दोन्ही जावयांनी मला धरणावर न्यायचं, असं म्हणाले. बघू म्हणे कोणाचा हात कसा आहे.
देव मानत नाही, पण योग म्हणतात तो हाच.

सोमवार, २० एप्रिल
खंडेराव घरी आला. रविवारी धरणावर का दिसत नाही म्हणून विचारलं. मासेमारीतला इंटरेस्ट गेला म्हणालो. त्याला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. स्वतःची दुसरी काठी मला देऊन गेला, फायबरची. असा माणूस असतो का? सुला म्हणाली, दाजींचं मन मोठं. रात्रभर मला तेच वाक्य ऐकू येत होतं.
काठी ठेवून घेतली. वस्तूवर राग नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल
आजपासून चाऱ्यात साजूक तूप. पाणी नुसतं उसळलं. एकाने पाठ दाखवली, परातीएवढी. सात किलो? दहाच्या खाली नसेल. सुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मासा मधे, आजूबाजूला शेजारणी, आणि सुला म्हणतेय, आमच्या ह्यांनी आणला.

सोमवार, २७ एप्रिल
चारा बंद. आता रविवारपर्यंत उपास घडवायचा, म्हणजे भुकेने गळावर तुटून पडतील. रोज पहाटे उठून माझे पायही गेलेत, पण मुख्य कारण शास्त्रीय आहे.
ऑफिसात साहेबांचं अर्जंट टायपिंग. उन्हाळी आवर्तन, उद्यापासून कालव्याला पाणी सोडणे, अमुक इतके, तमुक दिवस. दोनदा खाडाखोड झाली. लक्ष सगळं माझ्या कोपऱ्यात. असले रुक्ष कागद बडवण्यात माणसाचं आयुष्य जातं.

शनिवार, २ मे
मामा आलेत. सुलाला मसाला वाटून ठेवायला सांगितलं. दाजींना काय मिळतंय ते बघू, मग वाटते, म्हणाली. उद्या बोलायची गरजच पडणार नाही. आरशासमोर विनम्र चेहऱ्याची प्रॅक्टिस केली.

रविवार, ३ मे, रात्री
पाणी नाही.
म्हणजे धरणात आहे, माझ्या कोपऱ्यात नाही. जिथे चारा टाकायचो तिथे चिखल वाळून भेगा पडलेल्या. पाणी पार लांब सरकलेलं. मामा काठी टेकत टेकत माझ्यामागे मोठ्या उत्साहाने आले होते. काठीने एक ढेकूळ उलथलं, मग म्हणाले, "पाव्हणं, ढेकळात टाकता का गळ?"
तेव्हा आठवलं. सोमवारचा तो कागद. खाली टायपिस्टची आद्याक्षरं असतात. माझी होती.
उथळातलं पाणी आटलं की मासा जवळच्या खोल पाण्याला लागतो. जवळचं खोल पाणी म्हणजे खंडेरावचा खडक. त्याने गळ टाकला आणि कटला. पुन्हा टाकला, पुन्हा कटला. तिसरा तर दोघांनी धरून वर घेतला. मामा गुडघे विसरून उभे राहिले. लग्नाच्या पंगतीला जमावेत तशी मासळी जमलीय, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं म्हणे. खंडेरावच्या पाठीवर शाबासकी. पंगत मी वाढलेली, आहेर ह्याला.
राहवलं नाही. सांगून टाकलं की महिनाभर ह्या माशांना मी पोसतोय, पहाटे येऊन, कणीक आणि तूप घालून. मामांनी माझा खांदा थोपटला. "असू द्या. व्हतं असं."
आणि खंडेराव म्हणाला, शक्य आहे साडूभाऊ, अगदी शक्य आहे. आजारी माणसाशी बोलावं तसं.
मासे आमच्याकडेच शिजले, शकुताईही आली. मामांनी चुलीपाशी माझी गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले, सुला नाही. तिचं लाटणं थांबलं. म्हणाली, "कणीक?" मग थोड्या वेळाने, "तूपसुद्धा?"
जगात एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवला नसता तर बरं झालं असतं.
जेवणार नव्हतो. जेवलो. मासा चांगला पोसलेला होता.

मंगळवार, ५ मे
सुला बोलत नाही. शकुताईकरवी आलेल्या तिच्या हुकमाने रेशनवाल्याची माफी मागून आलो. त्याने विचारलं, एवढ्या पिठाचं केलं काय? माशांना घातलं म्हणालो. मग मासे मिळाले का? साडूला मिळाले, म्हणालो. रांगेतल्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं.

गुरुवार, ७ मे
खंडेराव आला. चार दिवस विचार करून त्याची खात्री पटलीय, चारा माझाच होता. काय काय घालता, किती मळता, सगळं विचारून घेतलं. तुमच्या हाताला गुण आहे म्हणाला. त्याचा प्रस्ताव असा: मी आठवड्यातून दोनदा पहाटे त्याच्या खडकापाशी चारा टाकायचा, रविवारी तो गळ टाकणार. मासळीचा निम्मा वाटा आमच्या घरी.
विचारपूर्वक होकार दिला. म्हणजे पूर्ण टेक्निकल बाजू माझ्याकडे आली. गळ काय, कोणीही टाकतो.

शनिवार, ९ मे, पहाटे
उठलो तर सुला आधीच उठलेली. पाच-सहा दिवसांनी बोलली, पाणी तापलंय म्हणून. परातीत कणीक मळून ठेवलेली, गूळ किसून घातलेला, वर वेलदोडा. माझ्यासमोर तुपाचा डबा उघडून मोठा चमचा भरून घातला, मग आणखी एक.
मी म्हणालो, एवढं तूप?
"दाजींसाठी आहे. वाटेत सांडू नका."
लग्नाला अकरा वर्षं झाली. माझ्या पोळीला एवढं तूप कधी लागलेलं नाही.
पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली. उजाडायच्या आत पोचायला हवं.