जगायच्या कागदावरची सही

मी, सिंधू गोपाळराव लोणारे, वय त्रेपन्न, धंदा ब्लाउज शिवणे, राहणार इंदोरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत, कोणी हात न धरता आणि बेचाळीस दिवस खर्रा तोंडात न टाकता हे मृत्युपत्र लिहिते. खर्रा डॉक्टरीणबाईंनी सोडायला लावला, तंबाखूनं टाके लवकर भरत नाहीत म्हणून. त्यामुळे डोकं तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. गल्लीत मी पित्ताशयाचं सांगितलं. ते खोटं आहे. ऑपरेशन योनीच्या ओठांचं आहे. दवाखान्यात त्याला लेबियाप्लास्टी म्हणतात. मुलगी भावना झाली तेव्हापासून तिथली कातडी वाढली आहे आणि पायमशीनवर आठ तास बसलं की घासून सोलवटते. मलम झालं, सुती कपडे झाले, स्टुलावर गादी झाली. चोवीस वर्षं झाली. आता पुरे.

पहिला डॉक्टर फोटो दाखवून म्हणाला, "अठरा वर्षांच्या पोरीसारखं करून देतो, काही रिस्क नाही." अहो, मला पोरगी नाही व्हायचं, मला बसायचं आहे. रिस्कच नाही म्हणणाऱ्याकडे मी ब्लाउजसुद्धा टाकणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं की सगळ्या बायका सारख्या नसतात, नुसत्या दिसण्यासाठी मी कापत नाही. मग एकेक धोका समोर ठेवला: रक्त जाईल, पू होईल, टाके उसवतील, व्रण दुखत राहील, तिथली जाणीवही कमी होऊ शकते. मी ब्लाउज कापताना शिलाईबाहेर माया सोडते, चुकलं तर उसवून ढिलं करता येतं. इथे जास्त कापलं तर उसवायला काही उरत नाही. मी विचारलं, "किती ठेवाल?" त्या म्हणाल्या, "घासतं तेवढंच काढीन." तिथे माझं मन बसलं. तरी भीती वाटते, म्हणून हा कागद.

माझ्या नावावरचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते मुलगी भावना हिला मिळावं. मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कोणी कागद कापल्यास मी वर असेन तिथून शिव्या देईन.

शिलाई मशीन मीराबाईंना. अकरा वर्षं माझ्याकडे काजं-बटणं केली, कधी विचारलं नाही की सिंधूताई मधूनमधून उभी का राहते. स्वतःच गादी शिवून आणली.

नणंद देवकीताई म्हणाल्या, "बायकाईले सोसाच लागते वं." त्यांना मी मशीनपुढचं स्टूल देते, गादीशिवाय. त्यावर रोज आठ तास बसावं, मग सोसण्यावर बोलावं.

पती गोपाळराव, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी, यांना काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये. आणि मला साक्षीदार हेच पाहिजेत.

त्याचं कारण असं. डॉक्टरीणबाई म्हणतात तुमची सही पुरे. पण दवाखान्याच्या संमतीच्या कागदावर नातेवाईकाच्या सहीचा रकाना आहे आणि काउंटरवरचा माणूस तो रिकामा घेत नाही. भावना करते म्हणाली. मला तिची नको. ज्यांच्या घरात मी चोवीस वर्षं दुखत उठले-बसले, त्यांची पाहिजे. हे म्हणतात, "या वयात तुले काय शौक चढला?" कागद टीव्हीवर पडून आहे. एक ओळ वाचली नाही. गुडघ्याचं असतं तर पेढे वाटत सही केली असती!

मी गेलेच, तर पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणी पित्ताशय म्हणायचं नाही. खरं नाव घ्यावं. बायका बसलेल्या असतील, एखादीला तेच दुखत असेल.

हे मी वाचून, समजून, माझ्या हाताने लिहिलं आहे.

सही: सिंधू गोपाळराव लोणारे
साक्षीदार: १) गोपाळराव बळीराम लोणारे २) सुभद्रा वासनिक, शेजारीण
नागपूर, दिनांक १८ जानेवारी २०२६

सह्या झाल्यावर लिहिलं, मृत्युपत्राचा भाग नाही: यांनी मुकाट सही केली. मी म्हटलं, "मराच्या कागदावर सही जमते, मंग जगाच्या कागदावर काहून नाही जमत?" सुभद्रा चहाचा कप ठेवून उठली. यांनी उठून टीव्हीवरचा कागद घेतला आणि पेन मागितला. मी पेन दिला नाही. म्हटलं, आधी वाचा. आत्ता चष्मा लावून वाचून राहिले. दुसऱ्या पानावर थांबले आणि विचारलं, "इतकं दुखते?"