टाकी खाली आहे

२ मार्च १९५३
इंदूरला बिऱ्हाड लागले. रघुवीरला पेट्रोलच्या टँकरवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली, आणि पगार माझ्या हेडमिस्ट्रेसच्या पगाराहून मोठा! सैन्यातून सुटल्यापासून माझा मुलगा घरी बसून होता. आता मान वर करून चालतो. सांवेरच्या रस्त्याला डेपो, फाटकालगत आमच्या दोन खोल्या, स्वच्छ, हवेशीर. मुकादम तुकोजी होळकरी फौजेतल्या घराण्यातले. मराठीत निम्मी हिंदी. आल्या आल्या म्हणाले, क्वार्टर खाली आहे. मी जिना शोधू लागले. इकडे खाली म्हणजे रिकामे! "पुण्याची मराठी इथं नहीं चलेगी, ताईसाहेब," असा वर टोमणा.

५ मार्च
कामाची रीत पाहून घेतली. परतलेल्या टँकरवर तुकोजी लाकडी ठोकळा आपटतात आणि "खाली?" असे ओरडतात. पलीकडून ड्रायव्हरने "खाली आहे" म्हटले की तळाच्या नळाला पाइप जोडून पेट्रोल भरायचा पंप सुरू. वर चढून झाकणातून कोणी बघत नाही. ही शिस्त नव्हे, असे मी सुनावले. तुकोजी नुसते हसले.

९ मार्च
रघुवीरच्या आधी या गाडीवर साताऱ्याचा गजानन होता. शेजारच्या कमलने आज सांगितले. तो टाकी पुसायला आत उतरलेला. तुकोजींनी विचारले, त्याने आपल्या मराठीत, तळाशी या अर्थाने, आतून उत्तर दिले, खाली आहे. पंप सुरू झाला.
त्यानंतर ही गाडी कोणी घेईना, म्हणून हा पगार.
रघुवीरला बजावले. आत असलास तर "खाली" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, "मी आत आहे" असे ओरडायचे. तुकोजींनाही समोर बसवून पाठ करून घेतले.

११ मार्च
भर दुपारी तुकोजींनी टाकी ठोकली. आतून आले, मी आत आहे. आवाज रघुवीरचा. तुकोजी धावत वर चढले, झाकण उघडले. कोणी नाही. रघुवीर माझ्यापुढे पोहे खात होता. "काय भिया, बुढ्याची मस्करी करतो?" तुकोजींनी दारात येऊन विचारले. रघुवीरचा घास हातातच राहिला.

१२ मार्च
पुन्हा. रघुवीरचीच खाकरण्याची लकब. तुकोजी पुन्हा चढले. रिकामी.
कमल म्हणते, आधी ही टाकी "खाली आहे" एवढेच म्हणायची. नवे वाक्य मी शिकवले.
नोकरी सोड म्हटले. महिना भरू दे, म्हणतो.

१४ मार्च
आज तुकोजी चढलेच नाहीत. टाकी बोलली, त्यांनी पंप सुरू केला. "बोलने दो, ताईसाहेब. आदत है उसकी."
पंपाचा आवाज ऐकून रघुवीर पांढरा पडला. नोकरी सोडायला कबूल झाला. उद्या टाकी आतून पुसून गाडी द्यायची आणि निघायचे.

१५ मार्च
सामान बांधले. रघुवीर चहाला आला नाही. पुसायचे फडके खुंटीवर नाही —
ठोकळा वाजला.
मी आत आहे.
मी आत आहे.
आज दोन आवाज. दोन्ही त्याचेच — दुसरा कापरा —
तुकोजी बाहेरून हसून ओरडताहेत, घाबरू नका ताईसाहेब, खाली आहे, खाली —
पंप